बिघाड बघायला येणारे दाजी

कॉम्प्युटरचा बिघाड तोंडी सांगितलेला दाजींना चालायचा नाही. "गेम मध्येच बंद पडतो" म्हटलं की खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "खेळ की मग. बंद पडलेला दाव मला." बिघाड डोळ्यांसमोर घडल्याशिवाय खिशातला स्क्रू ड्रायव्हर बाहेर यायचा नाही. आम्हा पोरांचा जीव अगदी मेटाकुटीला यायचा, कारण दाजी शेजारी बसले की मेला गेम हटकून नीट चालायचा.

उचगावात ते एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. गेमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा संध्याकाळचा नाद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा खेळून बघायचं, ही त्यांची रीत. ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी कडेवरून मळ काढायला शाळेतलं खोडरबर फिरवताना तर त्यांना जगाचं भान नसायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "सगळंच एकदम करा की." तर म्हणाले, "आणि बरं झाल्यावर कशानं झालं, हे तुझा मास्तर सांगणार व्हय?"

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. आक्कानं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि आबांनी, आमच्या वडिलांनी, तिला उंबरा बंद केला. दाजी बौद्ध घरातले, आम्ही शेतकरी मराठे, एवढंच कारण. आजही सांगताना लाज वाटते. दाजींना मी कॉम्प्युटरचं निमित्त काढून बोलवायचो. आबा त्यांना हाकलत नसत, कारण गाड्यांच्या गेमशिवाय त्यांचंही चालत नव्हतं. बोलत मात्र नसत. "त्यांस्नी चहा हवा का विचार," असं मला सांगायचे, दाजी हाताच्या अंतरावर असताना.

आबा एसटीत ड्रायव्हर. चंदगडच्या घाटात उभी हयात गेली. निवृत्तीच्या तोंडावर डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले आणि स्टिअरिंग सुटलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. शर्यतीच्या गेममध्येही ते वळणावर हॉर्न द्यायचे, घाटात ओव्हरटेक करायचे नाहीत आणि शेवटच्या नंबरानं समाधानानं पोचायचे. आणि एक दिवस अचानक त्यांनी गेम सोडला. "कंटाळा आला," म्हणाले. दिवसभर नुसते भिंतीकडे बघत बसायला लागले.

मला वाटलं, वय झालं. इकडे कॉम्प्युटरही अधूनमधून बंद पडत होता, म्हणून दाजींना बोलावलं. मी खेळलो, दाजी खेळले, काही होईना. शेवटी ते म्हणाले, "ह्यावर सगळ्यात जास्त कोण चालवतं? त्येला बसव." मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "मला न्हाय जमायचं आता." दाजी थेट त्यांच्याशीच बोलले, "मामा, तुम्ही बसल्याबिगार बिघाड घावायचा न्हाय."

आबा बसले. निवांत, न थांबता चालवत राहिले. बऱ्याच वेळानं रस्त्यावर गुलाबी-हिरवे चौकोन उमटायला लागले. आबा मान खाली घालून पुटपुटले, "गेलं डोळं. पार गेलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या चौकोनांच्या भीतीनं आबा इतके दिवस कुणाशी न बोलता आतल्या आत आंधळे होत होते.

"मामा, चौकोन मलाबी दिसत्यात," दाजी म्हणाले. "ह्या पोरालाबी दिसत्यात. डोळं चांगलं हायती तुमचं. कार्ड तापतंय." त्यांनी झाकण काढलं. कार्डाचा पंखा धुळीनं पार गच्च झाला होता.

पंखा साफ झाला. आबा पुन्हा बसले आणि सबंध घाट उतरले. एकही चौकोन दिसला नाही. मग स्क्रीनवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "एकटंच येतासा व्हय दरवेळी? पोरीला का न्हाय आणत?"

मोठ्या आवाजाचे आमचे दाजी एवढं हळू बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"आणतो की, मामा. दरवेळी आणतो. गिरणीपाशी उभी असती, माझं काम होस्तवर."

आबा उठले आणि अनवाणीच गिरणीकडे निघाले.

दाजींना जाऊनही आता वर्षं लोटली. त्या दिवशी मी आबांच्या मागे धावणार होतो, तर दाजींनी माझा हात धरला. म्हणाले, "थांब. त्यांचं त्यांस्नी भेटू दे." आणि तोंड फिरवून ते कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.