अंगठा, सही आणि आमची मोडी

एखादं काम आठवडाभर टिकलं की त्याची कंटाळवाणी गोष्ट होते. वर्षभर टिकलं की किस्से थांबतच नाहीत. पिंपळनेरजवळच्या आमच्या शाळेत मी शनिवारी मोडी लिपी शिकवते, त्यामुळे माझ्याकडे पोतंभर साठलेत!

हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, हा विषय काही अभ्यासक्रमात नाही. वर्षअखेर पालकसभा घेऊ. गावाला हवा असला तर वर्ग राहील, नाहीतर बंद!" माझा जीव मात्र त्या वर्गात अडकलेला.

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं. मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. पाचवीतली कविता ओरडली, "बाई, दोरी त बांधी! आते कपडा वाळाले टाकशात का?"

सहामाही परीक्षेत वर्गावरच्या सरांनी कविताकडे चिठ्ठी पकडली. मोडीत! सर काय वाचणार? मला बोलावलं. "बाई, यात उत्तर आहे का?"

"आहे ना सर. पण चुकीचं आहे!"

मग कविताची आई, रत्ना, लेकीची वही घेऊन दारात. "बाई, हाई काय लिखेल शे?" मी आपली वाचून मोकळी झाले: ‘आईची भाजी आजपण खारट.’ मेले मी!

"आते मीच शिकसू! पोर काय काय लिखस, बठ्ठं समजाले पाहिजे!" पुढच्या शनिवारी रत्ना पहिल्या बाकावर, सोबत चार शेजारणी. कविता रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आता आम्हाला दुसरी लिपी शिकवा ना!"

एकदा गावातले नाना पिशवीतून जुना कागद घेऊन आले. आशा गुप्तधनाची. निघालं नानांच्या पणजोबांना त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं पत्र: ‘दोन पत्रे धाडली, उत्तर नाही. काय समजावे?’ नानांचा मुलगा सुरतला, फोनच उचलत नाही. नाना पोट धरून हसले. "म्हंजे हाऊ रोग आमना घरमा पहिलापासूनच शे!"

शेवटी ती पालकसभा आली. नवीन ग्रामसेवक भाऊसाहेब रजिस्टर उघडून बसले. "वर्ग हवा असेल त्यांनी सही करा. पण खरं सांगा, ही लिपी आज कोणाच्या कामाची?"

मागून सीताक्का उठल्या. वय सत्तर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. रत्नाबरोबर वर्गाला यायला लागल्या आणि आयुष्यातलं पहिलं अक्षर शिकल्या ते मोडी! बालबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, अजून येत नाही.

त्यांना पाहताच भाऊसाहेबांनी सवयीनं शाईचा पॅड पुढे केला. अक्कांनी तो बाजूला सारला, पेन मागितलं आणि मोडीत आपलं नाव लिहिलं. सावकाश, पूर्ण.

भाऊसाहेबांनी रजिस्टर उलटसुलट फिरवलं. "अक्का, हे काय लिहिलंय? मला तर वाचता येत नाही."

अक्कांनी पॅड उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"वाचता येत नही? मंग अंगठा तू लाव, भाऊ!"