सहा नंबरचं आयपीस आणि आईचा डोळा

मित्रांनो, तासाभरापूर्वी फार घाबरलो होतो.

महिन्यापूर्वी आमचे आबा, म्हणजे माझे वडील, वारले. त्यांची दुर्बीण मी कळंबहून बारामतीला आणली. आईच्या मोतीबिंदूच्या डोळ्याची पट्टी कालच निघाली. आज दिवस मावळताना ती म्हणाली, "आबांची शुक्राची चांदणी दाव की."

दुर्बीण नेहमी आबाच लावायचे. मला वाटलं, लहान आकड्याचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावलं की कमी मोठं दिसणार, नाजूक डोळ्याला बरं. सहा मिलिमीटरचं लावलं, शुक्र भिंगात धरला आणि आईला बोलावलं. तिनं ऑपरेशनचाच डोळा लावला.

"काईच न्हाय रं. नुसता अंधार. डोळा गेला का माजा?"

मी वाकून पाहिलं, तर मलाही अंधारच! तेव्हा उमगलं. आकडा लहान तितकं जास्त मोठं दिसतं: नऊशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला सहाचं आयपीस म्हणजे दीडशे पट. तेव्हा आकाशाचा एवढासाच तुकडा दिसतो, आणि त्यातून शुक्र सरकत केव्हाच निसटला होता. मग पंचविसाचं लावलं, छत्तीस पट.

"अगं बया, अर्धीच हाय की! बाकीची तुझ्या आबांनी नेली व्हय?"

ती हसली. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात, हे मी तिला सांगितलं. पण जेवताना मधूनच चांगला डोळा झाकून ऑपरेशनच्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती, आणि दर वेळी मी विचारत होतो, "दिसतंय ना?"

तुम्ही घरच्यांना पहिल्यांदा कोणतं आयपीस लावून देता?