सुरीआधी कोयता

काल दुपारच्या वाऱ्याने परसातली एक केळ मोडून पडली. घड आधीच उतरवला होता, म्हणून हळहळ नव्हती. आज तिच्यावर कोयता घातला आणि पहिल्याच घावाला पाणी उडून तोंडावर आले. कापलेल्या केळीला एक वास असतो, तुरट, गार, उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाहावे तसा. तो आला की माझ्या मुठी आपोआप वळतात आणि नंदाखाल गावातल्या सासरघरची एक सकाळ डोळ्यांपुढे येते. स्वराज्य यायच्या आधीची. मी नवी सून होते, आणि एका माणसाला मारून टाकावे असे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आले होते.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मामंजींचा हात फार चालायचा. बैलावर, गड्यावर, सासूबाईंवर. त्यांची पावले वाजली की आम्ही भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायचो. त्यांना न भिणारी एकच होती, त्यांची थोरली बहीण. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. सासरचा मार खाऊन, डाव्या हाताची बोटे वाकडी करून घेऊन त्या माहेरी परतल्या होत्या आणि मागच्या पडवीत राहत होत्या. पूजेची मखरे कोरावीत तर त्यांनीच. केळीचा बुंधा म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पदर. त्यातला एकेक पदर, ज्याला आम्ही सोप म्हणतो, सोलायचा, त्याच्या पांढऱ्या अंगावर बारीक सुरीने पोपट, जाई, वेली कापायच्या आणि मागून लाल पतंगी कागद लावायचा. दिवा लागला की सगळे जिवंत होते. दुसऱ्या दिवशी काळे पडते. मी त्यांच्याजवळ बसून शिकत होते, पण माझ्या हातून सोप फाटायचाच. दिवसभर गिळलेले सगळे माझ्या बोटांत उतरायचे. "सूनबाई, तू कापत नाहीस गं, चावतेस," असे त्या म्हणायच्या.

त्या सकाळी घरी सत्यनारायण होता. मखर उभे झाले होते. सासूबाईंच्या हातून दुधाचे भांडे कलंडले आणि मामंजींनी त्यांच्या कानशिलात अशी लगावली की त्या भिंतीवर जाऊन आदळल्या. आत्याबाई मखराच्या पायाशी बांबूची शेवटची काडी खोचत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अरे, पूजेच्या दिवशी तरी हात आवर. कडेवर घेऊन फिरवलंय तुला. तेव्हाही असाच चावरा होतास."

दारातला गडी फिसकन हसला. तेवढे पुरले. मामंजींनी मखराला लाथ घातली. खांब मोडले, पोपट जमिनीवर पडले, ते त्यांनी टाचेने चिरडले. आत्याबाईंचे उजवे मनगट त्याच टाचेखाली सापडले. हाड वाजलेले मी ऐकले.

कोरायची सुरी अजून माझ्या हातात होती. मला फक्त मामंजींची मान दिसत होती, घामाने ओली, जाड. सुरी किती आत जाईल याचा मी अंदाज घेत होते. ते पाय आपटत बाहेर गेले तरी माझी मूठ सुटेना. आत्याबाई दात आवळून म्हणाल्या, "ठेव ती. राग सुरीत आणायचा नाही, कोयत्यात घालायचा. जा केळीच्या वाडीत, नवे बुंधे तोडून आण. घड उतरलेल्याच तोड हो, भरलेल्या नकोत."

मी तोडत सुटले. केळ वरून घट्ट दिसते, आत नुसते पाणी. एक घाव सासूबाईंच्या गालासाठी, एक त्या मनगटासाठी, बाकीचे माझे. त्या घरात मान वर करून न बोललेली मी, वाडीत ओरडत होते. काय ओरडले ते लिहिण्याजोगे नाही. चीक लुगड्यावर उडत होता, बुंधे धडाधड कोसळत होते, आणि शेवटी कोयता हातातून गळून पडला.

परतले तेव्हा आत्याबाईंनी मनगट फडक्याने आवळून बांधले होते. त्यांनी काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी माझ्या तळहातावर ठेवली. "हे पाणी हलायचं थांबलं की सुरी घे. त्याआधी घेऊ नकोस. मखर आज तुला करायचंय."

"मला पोपट येत नाही, आत्याबाई."

"मग मेला पोपट कशाला हवा? तुझ्या हाताला जे येतंय ते कर."

पाणी थांबायला वेळ लागला. मग सुरी धरली, आणि सोप फाटला नाही. माझ्या हाताला तेव्हा एकच आकार ठाऊक होता, सकाळभर हवेत फिरवलेला. कोयत्याच्या पात्याची बाकदार रेघ. एकाशेजारी एक, टोके वर करून, मी कोयतेच कोयते कोरले.

संध्याकाळी शेजारणी जमल्या. "अगो बाई, चंद्रकोरी! किती नाजूक!" मी दिव्यात तेल घातले. कथा संपल्यावर मामंजी चौरंगापुढे वाकले. त्यांच्या वाकलेल्या मानेवर कोयत्यांची ती ओळ दिव्याच्या उजेडात लालभडक झाली होती. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले, पदर तोंडात कोंबला आणि खोकल्याचे निमित्त करून उठून गेल्या.

मामंजी काही सुधारले नाहीत. आत्याबाईंचे मनगट वाकडेच बसले आणि त्यांनी पुन्हा कधी पोपट कोरला नाही. आज दोघेही नाहीत. ते मखर तर दुसऱ्याच दिवशी काळे होऊन खतात गेले. नक्षी मात्र राहिली. आगाशीहून, निर्मळहून निरोप येतात, "वहिनी, चंद्रकोरीचंच मखर हवं." मी हो म्हणते, कुणाला काही सांगत नाही. पुढे हाताला वेलीचे कोंब आले, माशाचे खवले आले, पण प्रत्येक मखराआधी मी वाडीत जाऊन कोयता चालवते आणि मगच सुरी घेते. अलीकडे त्या पात्यांची टोके गोल होत चालली आहेत. पाहणाऱ्याला कळत नाही, मला कळते. घरात आता कुणी कुणावर हात उचलत नाही. माझ्या कोयत्यांच्या खरोखरच चंद्रकोरी होऊ लागल्या, याचे बरे मानावे की वाईट, मला नीट सांगता येत नाही.

आजची केळ वाऱ्याने आधीच मोडली होती. तिच्यावर घाव घालायचे कारण नव्हते, तरी घातले. मग वाटी भरून तळहातावर ठेवली. पाणी पहिल्यापासूनच स्थिर होते. तरी मी ती बराच वेळ तशीच धरून बसले.