पाथ टू : अकरा मिनिटं

१९९८ च्या पावसाळ्यात, एका गुरुवारी सकाळी दहा चाळीसला, गणेशगुडीजवळच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या पडद्यावर ‘पाथ टू – चालू’ अशी ओळ आली. दहा एक्कावन्नला ती गेली. त्या वेळी पाथ टूची केबल जंगलात तुटलेली होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पुढे वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, तिथे पडताळल्याशिवाय ओळ छापायची नाही एवढंच शिकलो. खाली लिहिलंय ते मी स्वतः पाहिलेलं किंवा कागदावर असलेलं आहे.

त्या वेळी मी कॉम्प्युटरचं काम करायचो. नदीच्या पाण्याची पातळी दर मिनिटाला नोंदवणारं एक छोटं ऑफिस होतं. सर्व्हर खाली नदीजवळ, आणि नोंदी साठवणारं डिस्कचं कपाट वर टेकडीवरच्या कुलूपबंद खोलीत, पुराचं पाणी पोहोचू नये म्हणून. दोन्हींच्या मध्ये काचेच्या तारेच्या दोन केबल. पाथ वन रस्त्याच्या कडेनं, पाथ टू जंगलातून. दोन्ही चालू असतील तर नोंदी दोन्हींकडून वाटून जायच्या. एक तुटली तर सगळा भार दुसरीवर. ही जोडणी बसवून तपासणं माझं काम होतं.

पाथ वन ठीक होती. पाथ टू बुधवारी दुपारी बंद पडली ती उठेना. मी नागेशला पाठवलं.

नागेश तिथलाच, शेती आणि जंगलकाम करणारा. पाथ टूचा चर त्यानंच खणला होता. तीनच्या सुमारास तो ऑफिसातूनच परस्पर निघाला. पाऊस होता. मी म्हणालो, ‘‘फक्त बघून ये. तुटली असेल तर हात लावू नकोस.’’

‘‘काच सांधाया मी काय कासार हाय व्हय, सायेब?’’ तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी तो परतला नाही. माझा सहकारी प्रकाश म्हणाला, वरच्या वस्तीत कुणाकडे तरी राहिला असेल. मीही तसंच धरलं.

गुरुवारी साडेदहा उलटून गेल्यावर त्याची बायको सुमित्रा दारात उभी राहिली. हातात नागेशचा कोयता.

‘‘नागेश इथं हाय का?’’

प्रकाश हसून म्हणाला, ‘‘सासऱ्याकडं कोंबडी खात बसला असंल, अक्का.’’

‘‘माझं म्हायेर खानापुराकडं. तिथवर चालत गेला व्हय कोंबडीसाठी?’’ तिनं कोयता टेबलावर ठेवला. ‘‘ह्यो घरीच ऱ्हायला. कोयत्याबिगर ह्यो माणूस परसाकडंबी जाईत न्हाई. तुमी कुटं धाडलासा त्येला?’’

मी सांगत होतो तेवढ्यात पडद्यावर ती ओळ आली. पाथ टू – चालू.

केबलला एकच जोड होता – वरच्या टोकाला, डिस्कच्या खोलीखालच्या पेटीत. तिथलं टोक सैल झालं असेल, त्यानं दाबलं असेल, असं मला वाटलं. मी सुमित्राला म्हणालो, ‘‘तो वर आहे. ठीक आहे. त्यानं केबल जोडलीय.’’

तिनं पडद्याकडे पाहिलं. ‘‘ह्येच्यात दिसतंय त्यो?’’

‘‘दिसत नाही. पण कळतं.’’

ती खाली बसली. अकरा मिनिटांनी ओळ गेली. मी तिला ते सांगितलं नाही.

साडेअकराला आम्ही चौघे निघालो – मी, प्रकाश, सुमित्रा आणि बाबूमामा. मामा साठीचे, त्या जंगलात त्यांना विचारल्याशिवाय कुणी वाट धरत नसे. पाऊण तासानं फाटा आला. तिथून दोन वाटा टेकडीवर जातात. वरची धारेवरून, लांबची. खालची ओहोळाच्या कडेनं, आणि केबल त्याच कडेनं गेलेली.

खालच्या वाटेवर, तोंडालाच, एक हिरवी डहाळी आडवी टाकलेली होती.

त्या भागातली ही रीत आहे. फाट्यावर पुढे गेलेला माणूस ज्या वाटेनं गेला नाही तिच्यावर डहाळी आडवी टाकतो. मागून येणाऱ्यांनी तिकडे वळायचं नाही. ज्यानं टाकली त्यानंच परतताना उचलायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

बाबूमामांनी वाकून पाहिलं. ‘‘वर गेलाय. खाली पानी असंल म्हनून.’’

‘‘खाली जाऊन बघूया का?’’ मी विचारलं. ‘‘केबल तिकडे आहे.’’

‘‘डहाळी हाय न्हवं, सायेब. ती काय उगंच टाकत्यात?’’

आणि पाथ टू चालू झाली होती. म्हणजे तो जोडापाशी, वर. मी मामांचं ऐकलं. सुमित्रा डहाळीपाशी थांबली होती. देठाकडे पाहत म्हणाली, ‘‘कोयत्यानं कापलीया.’’ कोयता तिच्याच हातात होता. आम्ही वरच्या वाटेला लागलो.

टेकडीवर कुलूप जसंच्या तसं होतं. जोडाच्या पेटीवरची टेप मी महिन्यापूर्वी गुंडाळली तशीच, वर शेवाळ धरलेली. सुमित्रानं हाका मारल्या. चारपर्यंत शोधलं. मग पाऊस इतका वाढला की मामांनी परत फिरवलं. उतरताना ओहोळाचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता. डहाळी तिथंच होती.

शुक्रवारी सकाळी गावातले बाराजण घेऊन आम्ही खालच्या वाटेनं गेलो. डहाळी ओलांडून. पहिल्याच वळणापलीकडे, फाट्यापासून चाळीस पावलांवर, दरड वाटेवर आली होती, जुन्या घसरणीवर नवी. केबल तुटून दोन्ही टोकं मातीतून बाहेर आलेली, मधे दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर. काचेची तार हातानं सांधता येत नाही. सांधायचं यंत्र बेळगावहून यायचं आणि त्या आठवड्यात ते तालुक्यात नव्हतं.

नागेश दरडीच्या कडेला होता. कमरेपर्यंत मातीत, वरचं अंग मोकळं. जवळ कोयता नव्हता.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यू गुरुवारी दुपारी झाल्याचं सांगितलं. बारानंतर, चारच्या आधी. त्याहून नेमकं सांगता येणार नाही म्हणाले.

सुमित्रा ते ऐकत होती. तिनं मला एकच विचारलं, ‘‘आमी फाट्यावर किती वाजता हुतो, सायेब?’’

मी खरं सांगितलं. सव्वाबारा.

मी सर्व्हरच्या नोंदी कागदावर काढून घेतल्या. दहा चाळीस ते दहा एक्कावन्न पाथ टू चालू. त्या वेळातल्या अकरांपैकी पाच नोंदी तिच्यावरून वरच्या कपाटात पोहोचल्या आणि लिहिल्या गेल्या. मी डिस्कवर त्या एकेक करून तपासल्या. पातळ्या बरोबर होत्या. नंतर दोन इंजिनिअरांना कागद दाखवला. एकानं सर्व्हरची चूक म्हटलं. मग नोंदी पोहोचल्या कशा, हे त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्यानं कागद परत केला.

डहाळी कुणी टाकली, हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. नागेश वरच्या वाटेनं गेल्याची खूण मिळाली नाही.

डिसेंबरात मी ते काम सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी फाट्यावर गेलो. दरड काढून वाट मोकळी केली होती आणि लोक खालूनच जात होते, तोंडाशी बाजूला होऊन. डहाळी तिथंच होती. पानं गळून गेली होती.