कोळशाच्या गाडीवरची माणसं

किस्से कसे साठतात ते मला आमच्या गाडीच्या राखेनं शिकवलं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटारीच्या पाठीला पत्र्याचं पिंप बसवायचं, त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालवायची अशी तऱ्हा निघाली होती. पिंपातली राख रोज काढली नाही तर दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलत नसे. राख आम्ही रोज काढली. गोष्टी मात्र कोणी काढल्या नाहीत, त्या आत साठत गेल्या. आज काढतो.

कंपनी लहान. साताऱ्याच्या स्टँडजवळ पत्र्याची एक शेड, तीन गाड्या आणि सगळी मिळून अकरा माणसं. दोन गाड्या सांगलीला जात, तिसरी पूर्वेकडच्या खेड्यांत. मालक आप्पा सांगलीकडचे जैन, पूर्वी हळदीचे व्यापारी. मी बनारसला इंजिनियरिंग शिकून नुकताच परतलो होतो. अंगात खादी, ट्रंकेत कारखाने कसे चालवावेत यावरची चार इंग्रजी पुस्तकं आणि डोक्यात देश! आप्पांनी मला मॅनेजर केलं. का, तर पाटी रंगवणाऱ्यानं तो शब्द आधीच रंगवून ठेवला होता.

•

पहिल्याच सकाळी मी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं आणि भाषण केलं. श्रमाची प्रतिष्ठा, शिस्त, नवा हिंदुस्थान! चांगली वीस मिनिटं बोललो. कोणी हललं नाही, खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, भारावले!

आप्पा म्हणाले, "छान बोललात. आता गाडी वीस मिनिटं उशिरा सुटणार. चला, पंख्याला हात लावा."

कोळसा नीट पेटावा म्हणून पिंपाला हातानं फिरवायचा पंखा असे. मी तो फिरवला. खादी काळी झाली, तोंड काळं झालं, तळहाताला फोड आले. तिसऱ्या गाडीचे ड्रायव्हर ज्ञानू तात्या बाजूला उभे राहून बघत होते. पांढऱ्या मिशा, खाकी कोट. पहिल्या लढाईत इराकात, बसऱ्याकडे खेचरं हाकून आलेला माणूस. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आता कसं! आता सायेब आपल्यातलं दिसाय लागलं."

•

आप्पांना केबिन नव्हती. मोडक्या गाडीचं एक बाक शेडच्या पडवीत टाकलं होतं, त्यावर ते बसत. कोणावर ओरडताना मी त्यांना पाहिलं नाही. दंड, पगारकपात, काही नाही. त्यांची शिक्षा एकच. ज्यानं चूक केली त्यानं दुसऱ्या दिवशी आपल्याच गाडीत मागच्या बाकावर, उतारूंमध्ये, दिवसभर बसून राहायचं.

मला हसू आलं. माझ्या चार पुस्तकांत असली शिक्षा कुठंच नव्हती.

एकदा सांगलीच्या गाडीच्या शिवा ड्रायव्हरनं एका म्हाताऱ्या उतारूला शिवी दिली. आप्पांनी त्याला सांगलीपर्यंत आणि परत मागच्या बाकावर बसवला. संध्याकाळी उतरला तो कमरेवर हात ठेवून. "आप्पा, त्यापरीस दोन फटकं मारा! त्या बाकाचा खिळा वर आलाय."

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.

शिवानं कमर चोळली. "म्हातारा त्येच तर सांगत हुता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवा हातोडी घेऊन गाडीत शिरला.

•

मग मी सूचनापेटी लावली. कामगारांचा आवाज वरपर्यंत गेला पाहिजे! लाकडी पेटी, वर भोक, बाजूला पेन्सिल बांधलेली. महिनाभर काही पडलं नाही. शेवटी एक दिवस आत चिठ्ठी दिसली. मी सगळ्यांसमोर मोठ्या अभिमानानं ती उघडली.

अक्षर तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरचं, मिरजेच्या हुसेनचं होतं. खाली सात जणांचे अंगठे. मजकूर असा : "पेटी जरा वर घ्यावी. येता-जाता डोक्याला लागते."

•

तात्यांचा एकुलता एक मुलगा मारुती पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. तात्यांची गाडी खेड्यांची टपालाची पिशवीही न्यायची. सकाळी पोस्टातला कारकून पिशवी घेऊन आला की तात्या रोज एकच प्रश्न विचारत, "माझं काय हाय का?"

"आज काही नाही, तात्या."

"बेस," असं म्हणून ते गाडीत चढत. पत्र नाही म्हटल्यावर खूश होणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो. काही आलं नाही म्हणजे वाईटही काही आलं नाही, हा त्यांचा हिशेब माझ्या फार उशिरा ध्यानात आला.

कधीमधी मारुतीचं पत्र यायचं. तात्यांना वाचता येत नसे, म्हणून ते पडवीत मीच वाचायचो आणि सगळी कंपनी ऐकायला बसायची. एका पत्रात जागोजाग काळ्या शाईचे पट्टे मारले होते. मी वाचलं : मी खुशाल आहे. जेवण चांगलं आहे. मग काळं. आईला सांगा काळजी करू नको. पुन्हा काळं, चांगल्या तीन ओळी.

तात्यांनी काळ्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

मी समजावून सांगितलं. लष्करात एक साहेब असतो, तो सगळी पत्रं वाचतो आणि बाहेर कळू नये ते खोडून टाकतो.

तात्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून उन्हाला धरला, पाहिला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. म्हणाले, "म्हंजी तेवढंच खरं असंल."

•

आता माझा किस्सा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

गाव आलं की वेशीवर भोंगा वाजवायचा अशी रीत होती. भोंगा ऐकून लोक पाट्या-गाठोडी घेऊन धावत यायचे. तात्या मात्र कधीकधी एखाद्या गावात भोंगा न वाजवताच शिरायचे. एका उतारूची गाडी त्यामुळं चुकली, त्यानं तक्रार केली. मी लगेच लेखी हुकूम काढला : प्रत्येक गावी भोंगा वाजलाच पाहिजे. हुसेननं तो वाचून दाखवला. तात्या म्हणाले, "बरं."

पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच. मी विचारलं, "का वाजवला नाही?"

"इसारलं, सायेब."

"बाकी सगळीकडं वाजवता, मग नेमकं एकाच गावी कसं विसरता?"

तात्या फडक्यानं काच पुसायला लागले. मला राग आला. आप्पा सांगलीला गेले होते. मी त्यांचीच शिक्षा उचलली. तात्यांना मागच्या बाकावर बसवलं, शिवाला गाडीवर घेतलं आणि स्वतःही निघालो. नियम म्हणजे काय ते दाखवायला!

पिंपरीच्या वेशीवर शिवानं भोंगा असा दाबला की झाडावरचे कावळे उडाले. अर्धं गाव धावत आलं. बायका हसत होत्या. एक पोरगेली बाई कडेवरचं मूल सावरत सगळ्यांच्या पुढं आली आणि हुसेनला म्हणाली, "आवं कंडक्टर, आमच्या धन्याचं पत्र आलं न्हवं?"

शाळेचे मास्तर हेच गावचे पोस्टमास्तर. त्यांनी तिथंच पिशवी उघडली. एक तार वाचली. मग त्या बाईकडं पाहिलं.

मी मागं वळलो. तात्या गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसले होते.

परतीच्या वाटेवर हुसेननं मला हळूच सांगितलं. पिशवीत कुठल्या गावची तसली, लढाईत माणूस गेल्याची तार असली की पोस्टातला कारकून निघताना ते तात्यांच्या कानावर घालत असे. त्या गावात तात्या भोंगा वाजवत नसत. लोकांनी हसत धावत यावं आणि हे ऐकावं, हे त्यांना बघवत नव्हतं. आणि हे कुणाला बोलायची सोय नव्हती. कारकुनाची नोकरी गेली असती.

आप्पा आल्यावर मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हुकूम काढलात. विचारलं कुठं?" मग म्हणाले, "उद्या मागच्या बाकावर बसा."

मी बसलो. दिवसभर. दुपारी एका ओढ्याशी गाडी थांबवून तात्या मागं आले. फडक्यातली अर्धी भाकरी आणि कांद्याची पात माझ्या हातात ठेवून म्हणाले, "खावा. खिळा लागत न्हाई न्हवं?"

त्या रात्री मी तो हुकूम फाडला. पिंपरीच्या त्या बाईसमोर जायची हिंमत मला आजपर्यंत झालेली नाही.

•

आणि हा शेवटचा.

त्या सकाळी पोस्टातला कारकून गाडीकडं गेलाच नाही. पडवीत आप्पांपाशी आला आणि नुसता उभा राहिला. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तिकडं गाडीमागं तात्या पंखा फिरवत होते.

मला समजलं. मी म्हणालो, "आप्पा, त्यांना गाडी चालवू देऊ नका. आणि त्यांना सांगितलं पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे!"

"शिवा सांगलीला गेलाय. दुसरा ड्रायव्हर नाही, आणि ज्ञानूच्या गावाला जायला हीच एक गाडी आहे," आप्पा म्हणाले. "आणि सांगणार कोण? तुम्ही सांगता?"

मी पंखा फिरवणाऱ्या तात्यांकडं पाहिलं.

"घर येईपर्यंत त्याचे हात कामात राहू देत. तिथं दोघं नवराबायको बरोबर ऐकतील." आप्पा उठले आणि तात्यांच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले. मीही मागं उतारूंमध्ये चढलो.

"आज कुनीकडं, आप्पा?"

"कुठं नाही. बसावंसं वाटलं."

"बसा की! गाडी तुमचीच हाय."

पिशवी हुसेननं गुपचूप आत ठेवली. तात्यांनी विचारलं, "माझं काय हाय का रं?" हुसेन उतारूंची तिकिटं फाडण्यात गुंतला होता. निदान तसं त्यानं दाखवलं. पण स्टँडवर बातमी कशी पसरते ते पसरवणाऱ्यालाच माहीत. गाडी सुटली तेव्हा आत कोणी बोलत नव्हतं.

बोरगाव आलं. "बोरगाव! उतरा!" हुसेन ओरडला. कोणी उठलं नाही.

तात्या मागं वळले. "आवं बोरगावची मंडळी, झोपला का काय?"

मांडीवर कोंबड्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "आमी फुडं जानार हाय."

"फुडं कुठं, आत्याबाई? तुमचं घर हितं न्हवं का?"

"हितंच हाय. पन फुडं काम हाय."

तात्या हसले, गाडी हाकली. पिंपरी आली. तिथं सहा जण उतरायचे होते. एकही हलला नाही. तात्यांनी एकदाच विचारलं, "न्हाई उतरत?" कासारानं बांगड्यांचं गाठोडं छातीशी धरून नुसती मान हलवली.

तिसऱ्या गावाला तात्यांनी गाडी थांबवली, पण मागं वळून पाहिलं नाही. आप्पांकडं पाहिलं. आप्पा समोर रस्त्याकडं बघत होते. गाडी थोडा वेळ तशीच घरघरत उभी राहिली. मग तात्यांनी ती पुढं काढली.

आता एकच गाव उरलं होतं, तात्यांचं. माळ उतरून देऊळ दिसायला लागलं तिथं त्यांनी गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. सावकाश मागं वळून एकेका उतारूकडं पाहिलं. म्हातारीकडं, कासाराकडं, पिंपरीच्या लोकांकडं, माझ्याकडं. भरलेली गाडी खाली मान घालून बसली होती.

"हुसेन," तात्या म्हणाले, "एवढी मानसं येत्यात. घरात बसाय घोंगडी पुरायची न्हाईत रं."

आणि त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.