तंबूंची गुणवत्ता यादी

माझ्या आतेभावाने गुण दिल्याशिवाय या जगातली एकही गोष्ट सोडलेली नाही. लातूरला क्लासमध्ये दोन वर्षं काढली, दर रविवारी परीक्षा आणि सोमवारी दारावर यादी. तेव्हापासून तो बिघडला तो बिघडलाच. सुट्टीत घरी नांदेडला आला की भाज्यांना गुण द्यायचा. आईच्या शेपूला एकदा दहापैकी तीन मिळाले, तर तिने फेरतपासणी मागितली. पुढे आम्ही दोघे एका परदेशी मदतसंस्थेत इंटर्न म्हणून गेलो. भूकंपाने मोडलेला देश, थंडी तोंडावर आलेली, तंबू अपुरे, आणि संस्थेतले साहेब लोक तेरा खिशांची जाकिटं घालून ‘गरजांचे मूल्यमापन’ या विषयावर चर्चा करत बसलेले. याने एका दुपारी प्रश्न निकालात काढला. घरातल्या दर माणसामागे पाच गुण, लेकरू असेल तर दहा, आजारी असेल तर आणखी पाच. वरच्या चाळीस घरांना तंबू. यादी छावणीच्या फाटकावर डकवून मला म्हणाला, “बघ दादा, वशिला न्हाई, रडारड न्हाई. एकदम लातूर पॅटर्न!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

यादीत सगळ्यात खाली एक म्हातारा होता. एकटा, धडधाकट, गुण पाच. तो दुभाष्याला घेऊन आला आणि त्याने शांतपणे विचारलं, “माझी सहा माणसं मेली नसती, तर मला तंबू मिळाला असता ना?”

आतेभाऊ यादीकडे बघतच राहिला. आत्या, तिचे यजमान, दोन मुली, औशाकडचं ते सगळं घर आमच्याकडच्या भूकंपात एका पहाटे गेलं होतं. चार वर्षांचा हा तेवढा ढिगाऱ्यातून निघाला. आमच्या घरात वाढला, पण त्या चौघांचं नाव त्याने कधी काढलं नाही. आम्हीही काढलं नाही.

“आजोबाला माझा तंबू देऊ,” तो म्हणाला.

“आन् तू?”

“तुझ्यात येतो. घोरतोस तू, पन चालंल.”

यादी तशीच राहिली. दुसरा उपाय साहेबांनाही सुचला नाही.

तंबू ठोकून झाला, दुभाष्या जेवायला गेला. एकमेकांची भाषा न कळणारे ते दोघे दारात बसले. म्हातारा एकेक बोट दुमडत नावं सांगू लागला. सहा झाली. मग आतेभावाने हात पुढे केला, अंगठा दुमडला आणि म्हणाला, “सुमन. माझी माय.”

मी तंबूच्या दोऱ्या तपासत होतो. घट्टच होत्या. तरी बराच वेळ तपासत राहिलो.