शिर्क्यांची अक्षरं

"बेन, खाली उतरा," दत्ताकाका म्हणाले.

आवाज चढवला नव्हता. पण शिडी त्यांची होती आणि तेच ती धरून उभे होते. मी उतरले. हातातला बटरपेपर कोराच राहिला.

बडोद्याच्या रावपुऱ्यातलं शिर्के टेलर्स हे त्यांचं दुकान. पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावर, रस्त्याकडच्या अंगाला, चुन्यात उठावदार अक्षरं घडवलेली होती. वर मराठीत दुकानाचं नाव, खाली तेच गुजरातीत. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेचे गणवेश शिवायचे, तेव्हाची ती अक्षरं. कोणी केली ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मी तेव्हा सयाजीगंजमधल्या एका डिझाइन स्टुडिओत नोकरी करत होते. माझं काम अक्षरांचं. बाटलीवरचं नाव, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दुकानाचा बोर्ड, जे येईल ते. बाजार खुला होऊन काही वर्षं झाली होती आणि बडोद्यात रोज कुठे ना कुठे नवी शोरूम निघत होती. त्यातलीच एक अलकापुरीत निघणार होती: 'विलास शिर्के कलेक्शन'. विलासभाऊ म्हणजे दत्ताकाकांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर दोघं वेगळे झाले होते आणि बोलणं बंद होतं.

"मेघनाबेन, मला कम्प्युटरमधला फॉन्ट नको," विलासभाऊ आमच्या ऑफिसात म्हणाले होते. "मला घरची अक्षरं पाहिजेत. बघताक्षणी माणूस म्हणाला पाहिजे, हे शिर्के."

म्हणून मी बटरपेपर आणि काळा मेणखडू घेऊन रावपुऱ्यात आले होते. अक्षरावर पातळ कागद धरायचा आणि वरून खडू आडवा फिरवायचा. उठावाचा आकार कागदावर उतरतो. याला आम्ही रबिंग म्हणतो. फोटोपेक्षा ते खरं, कारण माप जसंच्या तसं येतं. काकांनी शिडी आणून दिली, मी वर चढले, आणि मग त्यांनी विचारलं, काम कोणाचं? मी सांगितलं.

"नाव तर त्यांचंही आहे ना, काका?" मी खाली उतरून म्हणाले.

"नाव आहेच. ते मी कसं काढून घेणार? पण अक्षरं या दुकानाची आहेत. बाबा अंथरुणावर होते तेव्हा हाच म्हणत होता, जुनाट धंदा आहे, काढून टाका. आता तेच जुनाट त्याला दारावर पाहिजे?" मग शिडी बाजूला करून म्हणाले, "बेसा. चा घेऊन जा."

मी चहा घेतला आणि परत आले.

आमचे साहेब परेशभाई. गुजराती, माणूस सरळ, पण गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचे नाहीत. ते म्हणाले, "बघून काढ ने. त्यात काय?"

बघून काढणं सोपं नव्हतं. देवनागरीची जाडबारीक रेष बोरूच्या तिरक्या टोकातून येते. बोरू कोणत्या कोनात धरला, त्यावर रेष कुठे भरेल आणि कुठे बारीक होईल ते ठरतं. ज्या कोणा गवंड्याने ही अक्षरं घडवली, त्याने हा कोन चुन्यात पाळला होता, पण पोट भरताना सोडून दिला होता. 'क'चं पोट असं गोल होतं की बोरूने कधी येणार नाही. खालच्या गुजराती ओळीला शिरोरेषा नाही, म्हणून ती ओळ वरून सुटी पडू नये यासाठी त्याने अक्षरं थोडी जाड केली होती. हे रस्त्यावरून दिसत नाही. मला कळलं ते शिडीवर असताना हात फिरवला म्हणून.

थोड्याच दिवसांत शहरात डिझाइनच्या लोकांचं एक संमेलन भरलं. भाषणं, स्लाइड शो आणि एका सकाळी गावातली अक्षरं बघत चालायचं. बडोद्याचीच असल्यामुळे चालण्याचं काम माझ्याकडे आलं. मुंबई-अहमदाबादहून आलेली माणसं आणि स्थानिक विद्यार्थी, असा घोळका घेऊन मी मांडवीपासून निघाले. कंसाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानावरचं पितळी नाव, दवाखान्याच्या दारावरचा एनॅमलचा बोर्ड, एका जुन्या छापखान्याची पुसट पाटी. त्या मुलांनी आयुष्यभर हे रस्ते पाहिले होते आणि आता माना वर करून पहिल्यांदा वाचत होती.

रावपुऱ्यात थांबायचं की नाही, हे मला आदल्या दिवशीच दत्ताकाकांना विचारावं लागलं होतं.

"पोरांना शिकायला पाहिजे असेल तर येऊ दे," ते म्हणाले. "काय घ्यायचं ते घ्या. फक्त शिकायला. बोर्डाला नाही."

"बोर्डाला नाही," मी म्हणाले.

त्या सकाळी काकांनी दोन शिड्या लावून ठेवल्या होत्या. मुलांनी सगळ्या अक्षरांची रबिंग्ज घेतली. काका खाली उभे राहून एकेकाला सांगत होते, "हळू, चुना आहे, पोपडा निघेल." एका मुलीने विचारलं, "अंकल, ये किसने बनाया?" तर म्हणाले, "बेटा, आम्ही फक्त खाली बसून शिवलं."

संमेलन संपल्यावर ते कागद तिथे मांडलेल्या प्रदर्शनातून माझ्याकडे आले, कारण ठेवायला जागा आमच्या स्टुडिओत होती. परेशभाईंनी गुंडाळी उघडून बघितली.

"अरे, सगळंच आहे आपल्याकडे! मग विलासभाईचं काम अडलंय कशाला?"

"मी शब्द दिलाय."

"तू दिलास. स्टुडिओने नाही दिला."

"अक्षरं मीच काढणार ना? मग मीच दिला."

त्यांनी गुंडाळी पुन्हा बांधली. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला तूच सांग."

मी विलासभाऊंना सांगितलं. त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं काढली होती, तीही दाखवली. वाईट नव्हती. त्यांनी कागद बघितलाच नाही. "माझ्या बापाच्या नावासाठी मला भावाची परवानगी पाहिजे, असं तुम्ही मला सांगता?" ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नव्हतं. काकांचंही नाही. मधे मी होते, आणि माझ्याकडे कागदांची एक गुंडाळी होती.

परेशभाईंनी मला रागावून काही म्हटलं नाही. फक्त पुढचं मोठं काम दुसऱ्याला दिलं.

मग एका दुपारी दत्ताकाका स्टुडिओत आले. रिक्षातून उतरून जिना चढल्यामुळे धाप लागली होती. पाणीही न घेता म्हणाले, "बोर्डाला नाही म्हणाला होतात तुम्ही."

"काका, मी दिलं नाही."

"मग अलकापुरीत काय लागलंय? पोराने बघून येऊन सांगितलं. आमचीच अक्षरं आहेत म्हणाला."

मला काहीच माहीत नव्हतं. "चला, आपण बघून येऊ," मी म्हणाले.

शोरूमसमोर रिक्षा सोडली आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. दर्शनी भागावर आडवाच्या आडवा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्स तेव्हा नवीनच आला होता. 'शिर्के' रावपुऱ्याचंच होतं. पण 'विलास' आणि 'कलेक्शन' कम्प्युटरमधल्या कुठल्याशा फॉन्टात, आणि उंची जुळावी म्हणून वरखाली ताणलेली. अक्षरांचे पाय काठीसारखे झाले होते.

"काका, 'शिर्के' नीट बघा. खाली रुंद आहे आणि वर निमुळतं होत गेलंय. कोणीतरी तुमच्या दुकानासमोर रस्त्यावर उभं राहून खालून वर फोटो काढलाय. आमच्या कागदावरून घेतलं असतं तर सरळ आलं असतं."

काका बघत राहिले. मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"हो," ते म्हणाले. "खांदा उतरलाय."

त्यांनी माझी माफी मागितली नाही, आणि मला ती नकोच होती. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. समोर त्यांच्या आजोबांचं नाव वाकडं होऊन उन्हात लटकत होतं आणि येणारेजाणारे ते वाचत होते.

तेवढ्यात विलासभाऊ काचेच्या दारातून बाहेर आले. आम्हाला बघून थबकले. मग रस्ता ओलांडून आले. दोघं भाऊ किती दिवसांनी समोरासमोर आले होते कोण जाणे.

"भांडायला आलास, दादा?"

"नाही. हे कोणी केलं?"

"फ्लेक्सवाल्याने. फोटो मी काढला. रस्ता काही तुझा नाही."

"फोटो काढ. पण असं? बाबांनी बघितलं असतं तर उसवून पुन्हा शिवायला लावलं असतं तुला."

विलासभाऊंनी वळून बोर्डाकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही ते आधीच दिसलं असणार. "मग तू द्यायला नाही म्हणालास ना," ते हळू म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे ते कागद आहेत अजून?"

"आहेत."

"मग नीट काढून द्या त्याला. भांडण राहू दे आमचं. नाव वाकडं नको."

आणि रिक्षाला हात करून ते निघून गेले. विलासभाऊंनी "चहा घेऊन जा, दादा" म्हटलं, तोवर रिक्षा सुटली होती.

काम पुन्हा आमच्याकडे आलं. 'शिर्के टेलर्स'मध्ये नसलेली अक्षरं मला नव्याने काढायची होती. 'व' सोपा गेला, कारण 'क'चं शेपूट काढलं की 'व' उरतो, त्या गोल पोटासकट. 'न'ने मात्र छळलं. त्याच्यासारखं तिथे काहीच नव्हतं. मी बोरू, ब्रश, कात्री सगळं करून पाहिलं. शेवटी ओल्या प्लास्टरमध्ये बोटाने काढून बघितला, तेव्हा कुठे तो इतरांच्या शेजारी बसला. मंजुरीला मी ते रेखाटन विलासभाऊंच्याही आधी रावपुऱ्याला नेलं. काका म्हणाले, "हा 'न' आमच्याकडे नव्हता." मी म्हटलं, "आता आहे." त्यांनी मान डोलावली.

फ्लेक्स उतरला आणि लाकडात कोरलेली अक्षरं चढली. भाऊ काही एक झाले नाहीत. दिवाळीला एकमेकांकडे मुलांना पाठवू लागले, एवढंच मी ऐकलं. परेशभाईंनी ते काम स्टुडिओच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापलं आणि खाली स्टुडिओचंच नाव घातलं.

त्यानंतर मी बरेच बोर्ड केले. गिऱ्हाईक आलं की सगळे विचारतात, साइज काय, रंग काय, कधी पाहिजे. मी त्याआधी एक प्रश्न विचारते: हे नाव आणखी कोणाकोणाचं आहे? पुष्कळदा गिऱ्हाईक वैतागतं. पण बोर्ड दोनदा करावा लागत नाही.